चौकी क्रमांक तीन

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात नंबर वाटले.
दोनशे चाळीस सायकली, गडाच्या पायथ्याशी.
लटारूनं एक उचलून पाहिली, दोन बोटांनी.
"वजनच नाही ना बे हिले!"
मी काही बोललो नाही.
एकतीस वर्षं मनसरच्या खाणीत काट्यावर बसलो,
वजनाबद्दल मी पटकन बोलत नसतो.

रात्री रामटेकात लॉज भरले,
पुण्याकडची पोरं धर्मशाळेत झोपली,
चपला बाहेर, सायकली उशाशी,
म्हातारी माणसं प्रवासात गाठोडं ठेवतात तशा.
एकाचं पिवळं हेल्मेट माकडानं नेलं.
सकाळी ते गडाच्या वाटेवर
कडुनिंबाच्या शेंड्याला लटकलेलं दिसलं.

मला दिली चौकी क्रमांक तीन:
नगरधनच्या किल्ल्यामागं,
जिथं डांबर संपतं आणि मुरूम लागतो.
एक टेबल, पाण्याची टाकी,
घमेलंभर उकडलेले शिंगाडे,
आणि माझी काट्यावरची जुनी वही.
तीन रकाने: भरलेला, रिकामा, निव्वळ.
नावं खोडली नाहीत. खोडाखोड मला जमत नाही.

आधी आवाज आला,
धुक्यात कुणी पापडांच्या थप्पीवरून चालावं तसा.
मग धूळ. मग माणसं.
त्या वळणावर काळा चुरा आहे, तिथं नेमके घसरत होते.
चुरा मला ओळखीचा.
सत्त्याऐंशी साली माझ्याच सहीनं गेला,
बारा ट्रक, रद्दी माल, किंमत शून्य.
आज त्यावर पडायला लोक तीन हजार भरतात.

एक वाजेपर्यंत दोनशे एकोणचाळीस.
एकशे सतरा नाही.
रोशनी टेंभरे, तुमसर.
फोनवर म्हणाले, काका, आवरा आता, सोडून गेली असेल.
असेल.
पण गाडी निघाली आणि काट्यावर नोंद नाही,
असं माझ्या नोकरीत दोनदाच झालं,
आणि दोन्ही रात्री मी छत बघत काढल्या.

म्हणून माझी सायकल काढली.
बावीस इंची, घंटी वाजते, ब्रेक लागत नाही.
शर्यत जिकडून आली तिकडं निघालो.

सापडली लटारूच्या पानमळ्यात.
गुडघा फुटलेला, चेन तुटलेली,
चेनीत मांडवाची तार ओवून पाहिलेली, तीही तुटलेली.
आणि ही वेलींच्या हिरव्या काळोखात उभी राहून
लटारूच्या सुनेला वेली बांधू लागत होती.
"काकाजी, गार वाटलं म्हणून पाच मिनिटं बसले.
पण ह्या एकट्याच बांधत होत्या,
बसून बघणं बरं दिसेना."

नियम असा की सायकल स्वतःच न्यायची.
ती चालत निघाली.
मला सायकलवर बसवेना, मीही उतरलो.
आठ किलोमीटर, दोन सायकली,
एकीची घंटी खड्ड्याखड्ड्यात आपोआप वाजत.
वाटेत ती फार बोलली नाही.
एकदा विचारलं, किल्ला कुणाचा?
मी म्हटलं, बऱ्याच जणांचा होता.

शाळेच्या मैदानावर कमान उतरवलेली,
हवा काढलेली, म्हशीसारखी पसरलेली.
मंडपवाला खुर्च्या मोजत होता.
चुन्याच्या रेघेवरून शेळ्या गेलेल्या.
ती रेघ शोधत राहिली.
मी दाखवलं: त्या पिंपळापासून ह्या नळापर्यंत.
तिनं सायकल उचलली, खांद्यावर घेतली,
आणि नसलेली रेघ नीट पाय उचलून ओलांडली,
उंबरा ओलांडतात तशी.

वहीत लिहिलं: एकशे सतरा. चार बावन्न.
ती वाकून बघत होती.
"हा निव्वळचा रकाना सगळ्यांचा कोराच?"
म्हटलं, आमच्याकडं तो गाडी रिकामी झाल्यावर भरतात.
तिनं हसून खिशातलं विड्याचं पान काढलं,
घामानं मऊ पडलेलं, दुमडलेलं,
आणि वहीत ठेवून दिलं, खूण म्हणून.

हेल्मेट मंगळवारी वाऱ्यानं खाली पडलं.
न्यायला कुणी आलं नाही.
लटारू ते घालून मळ्यात फवारणी करतो,
आणि सून लांबून हाक मारते,
"मामाजी, तुमचा नंबर किती?"